रजनीचे कुंकू : प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे मध्य रेल्वेच्या दौंड-सोलापूर मार्गावरचे गाव उत्तरेश्वराच्या देवस्थानासाठी ओळखले जाते आणि त्याहून अधिक कुंकवाच्या धंद्यासाठी. हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची प्रक्रिया करून ती वाळवायची व दळायची, म्हणजे हळदीचा पिवळा रंग पालटून लाल होतो, ही कुंकू करण्याची जुनी रीत होय. पुढे तीत यंत्रे आणि तयार रंग आले, तरी देवळांपुढच्या दुकानांत आणि वाण्याच्या फळीवर केमच्या कुंकवाचे नाव टिकून राहिले. दूरचित्रवाणीवरील एका अभिनेत्रीच्या जीवनाचा आणि कारकिर्दीचा अभ्यास मांडताना या गावाचा उल्लेख प्रथम करण्याचे कारण एवढेच, की मराठी आणि हिंदी मालिकांतील स्त्रीला पडद्यावर उभे करण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत जी साधने वापरली गेली, त्यांत संवादांच्या खालोखाल महत्त्व कपाळावरच्या या लाल खुणेला आहे; आणि प्रिया तेंडुलकर (१९५४–२००२) यांची कारकीर्द त्या खुणेने काय मिळते व त्यासाठी काय मोजावे लागते हे जितके स्पष्ट दाखवते, तितके दुसऱ्या कोणाचीही क्वचितच दाखवत असेल.

सोलापूर जिल्ह्याने स्वतःचा म्हणून हक्क सांगावा अशी अभिनेत्री खरे तर शशिकला. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या शशिकला जवळकर लहानपणी जिल्ह्यातील गावोगावी नाचगाण्याचे कार्यक्रम करत, वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंबाबरोबर मुंबईत आल्या, नूरजहाँ यांच्या ओळखीने ‘झीनत’ (१९४५) या चित्रपटातील कव्वालीच्या प्रसंगात त्यांना जागा मिळाली आणि पुढे ‘आरती’ व ‘गुमराह’ या चित्रपटांतील खलनायिकी छटांच्या भूमिकांसाठी त्यांना लागोपाठ फिल्मफेअर पुरस्कार लाभले. उतारवयात त्या ‘सोनपरी’सारख्या मालिकांत आजी म्हणून आल्या, २००७ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या आणि ४ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. मात्र त्यांची दूरचित्रवाणीवरील कामे ही चित्रपटात कमावलेल्या ओळखीचे व्याज होती. प्रिया तेंडुलकर यांचे उलट झाले. रंगभूमी, चित्रपट, जाहिरात, लेखन असे अनेक मार्ग त्यांनी चोखाळले, तरी लोकांनी त्यांना ओळखले ते दूरचित्रवाणीमुळे, आणि एकदा ओळखल्यावर ती ओळख त्यांना पुसू दिली नाही. या अर्थाने दूरचित्रवाणीची अभिनेत्री हा शब्दप्रयोग त्यांनाच अधिक लागू पडतो.

या शब्दप्रयोगाचा आशय थोडा उलगडायला हवा. नाटकातील नटी प्रेक्षकापासून काही हातांवर असते आणि चित्रपटातील नटी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आकाराची दिसते, पण दोघींना पाहण्यासाठी प्रेक्षकाला तिकीट काढून घराबाहेर जावे लागते. दूरचित्रवाणीची नटी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, माणसाच्या मापाहून लहान होऊन घरात येते, आणि घरातली माणसे जेवता जेवता, निवडटिपण करता करता तिच्याकडे पाहतात. मालिका म्हणजे तीच पात्रे घेऊन भागाभागांनी पुढे सरकणारी कथा; तिच्यात पात्राचा आणि प्रेक्षकाचा सहवास महिनोन्महिने चालतो, आणि त्या सहवासात नटीचे नाव मागे पडून पात्राचे नाव पुढे येते. दिलीप प्रभावळकर यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ने हा अनुभव दिला होता. स्त्रीच्या बाबतीत मात्र तो अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण पडद्यावरच्या बाईकडून जे वागणे अपेक्षिले जाते तेच ती रस्त्यात भेटल्यावरही अपेक्षिले जाते.

प्रिया यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील विजय तेंडुलकर हे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांमुळे मराठी समाजाला सतत अस्वस्थ ठेवणारे नाटककार, म्हणजे बाईचा न्याय समाज कसा करतो हा प्रश्न या मुलीच्या घरात लिखाणाच्या टेबलावरच होता. गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’मध्ये अगदी तरुण वयात त्यांनी बाहुलीची भूमिका केली. त्या नाटकातील बाहुल्या संसाराच्या घरात कोपऱ्यात बसून घरातल्या बाईच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला सांगतात. पुढील कारकिर्दीकडे पाहता ही सुरुवात सूचक वाटते, पण चरित्रलेखनात असल्या योगायोगांना फार वजन देऊ नये हेही खरे. त्यानंतरची वर्षे पोटापाण्याच्या धडपडीची होती. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, विमानात हवाई सुंदरी, जाहिरातींसाठी मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी कामे त्यांनी केली. या सर्व व्यवसायांत एक गोष्ट समान आहे : त्या सगळ्यांत बाईचा चेहरा दुसऱ्या कोणाच्या वतीने हसतमुख राहतो.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) मध्ये त्यांनी जमीनदाराच्या तरुण मुलाची, म्हणजे अनंत नाग यांनी केलेल्या सूर्याची, पत्नी रंगवली. या चित्रपटाची चर्चा साहजिकच शबाना आझमी यांच्या लक्ष्मीभोवती होते आणि प्रिया यांच्या वाट्याला आलेली भूमिका दोन ओळींत उरकली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ती महत्त्वाची आहे. बालपणी लग्न झालेली ही मुलगी वयात आल्यावर नवऱ्याच्या घरी नांदायला येते, आणि आल्याबरोबर दलित लक्ष्मीचा त्या घरातला वावर तिला खुपू लागतो. तिच्या हाती दुसरी कोणतीही सत्ता नाही. आहे ती केवळ लग्नाच्या बायकोची, आणि ती सत्ता ती स्वतःहून दुबळ्या बाईवर चालवते. कपाळावरच्या ज्या खुणेच्या बळावर अकरा वर्षांनी ‘रजनी’ या मालिकेत त्यांनी रंगवलेली रजनी साऱ्या शहराशी भांडणार होती, तीच खूण येथे दुसऱ्या बाईला घराबाहेर काढण्याचे हत्यार आहे, ही बाब दोन्ही भूमिका एकत्र ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

पुढील काळात ‘गोंधळात गोंधळ’, ‘मुंबईचा फौजदार’ असे मराठी चित्रपट आणि शंकर नाग यांचा ‘मिंचिन ओट’ (१९८०) हा कन्नड चित्रपट त्यांनी केला. त्या काळच्या मराठी चित्रपटाला सुशिक्षित, शहरी, तोंडाने तिखट अशा नायिकेचे करायचे काय हे बहुधा उमगले नव्हते, आणि त्यामुळे ही कामे लोकप्रिय असूनही त्यांतून एक सलग प्रतिमा तयार झाली नाही.

ती प्रतिमा तयार होण्याला तंत्र आणि धोरण या दोहोंचा हातभार लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेडोपाडी कार्यक्रम पोहोचवण्याचा जो मोठा प्रयोग झाला त्यात सोलापूरला लागून असलेला विजापूर जिल्हा आला, महाराष्ट्र मात्र आला नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण यांची सुरुवात झाली. १९८३ मध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशात गेल्यावर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले. लघुशक्ती प्रक्षेपक म्हणजे दिल्लीहून उपग्रहामार्फत आलेले चित्र आसपासच्या मर्यादित टापूत पुन्हा फेकणारे छोटे केंद्र. या टापूच्या कडेला असलेल्या गावांत उंच बांबूवर अँटेना बांधून, ती वारंवार फिरवून, मुंग्यांनी भरलेले चित्र मिळवले जाई, आणि एका संचाभोवती सारी आळी गोळा होई. दुसरीकडे ‘प्रायोजित कार्यक्रम’ ही पद्धत आली, जिच्यात निर्मितीचा खर्च खासगी कंपनी उचलते आणि मोबदल्यात तिला जाहिरातीची वेळ मिळते. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ने या पद्धतीचे यश सिद्ध केले, आणि १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकर यांना शीर्षकभूमिकेत घेऊन बासू चटर्जी यांची ‘रजनी’ आली.

‘रजनी’ची रचना साधी होती. प्रत्येक भागात मध्यमवर्गीय गृहिणीला रोजच्या व्यवहारात एक अडवणूक आढळे : गॅसचे सिलिंडर वेळेवर येत नाही, टॅक्सीवाला भाडे नाकारतो, कार्यालयातला कारकून दाद देत नाही. इतर माणसे अशा वेळी चडफडत गप्प बसतात. रजनी बसत नाही. ती नियम विचारते, वरिष्ठाकडे जाते, शेजाऱ्यांना बरोबर घेते, आणि भागाच्या अखेरीस काम होते. तिच्या नवऱ्याचे काम करण राजदान यांनी केले होते. १९८८ मध्ये त्यांच्याशीच प्रिया यांचा विवाह झाला आणि काही वर्षांत तो संपुष्टात आला. मालिकेचा परिणाम असा, की टॅक्सीवरील भागानंतर टॅक्सीचालकांनी जाहीर निषेध केला, आणि अडून बसणाऱ्या माणसाला ‘रजनीला बोलावू का’ असे धमकावण्याची सोय शहरी संभाषणाला मिळाली.

या यशाचे श्रेय केवळ पटकथेला देणे चुकीचे ठरेल. प्रिया तेंडुलकर यांची उच्चारातील धार, प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबण्याची सवय आणि राग आला तरी आवाज न चढवण्याचे भान यांनी रजनीला उपदेशकाच्या पातळीवरून खाली आणले. शिवाय मराठी प्रेक्षकाला ही बाई अपरिचित नव्हती. १९७२ नंतरच्या दुष्काळी टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरोधात काढलेले लाटणे मोर्चे मुंबईकरांच्या आठवणीत ताजे होते. स्वयंपाकघरातील लाटणे आणि थाळी हातात घेऊन हजारो गृहिणींनी रॉकेल, तेल, साखर यांच्यासाठी मंत्र्यांना घेरले होते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ च्या डिसेंबरात आला तेव्हा रजनी घरोघरी पोहोचलेली होती. मालिकेने कायदा घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चळवळीने तयार केलेली बाई मालिकेने उचलली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. उचलताना मात्र तिने एक गोष्ट मागे ठेवली. लाटणे मोर्च्यातील बाई संघटनेची होती आणि तिचा रोख शासनाच्या धोरणावर होता. रजनी एकटी होती आणि तिचा रोख समोरच्या माणसावर, म्हणजे पुष्कळदा तिच्याहून कमी कमाई असलेल्या चालकावर, पोऱ्यावर, शिपायावर होता. टॅक्सीचालकांच्या रागात सगळाच उद्दामपणा नव्हता.

रजनीला भांडण्याचा परवाना कोठून मिळाला, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या पेहरावात आहे. नेटकी नेसलेली साडी, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळावर ठसठशीत कुंकू असलेली ही बाई परक्या पुरुषांशी, त्यांच्या कार्यालयात जाऊन, चढाओढीने बोलते आणि तरीही कोणी तिला आगाऊ ठरवत नाही, कारण ती कोणाची तरी बायको आहे आणि संध्याकाळी घरी परतणार आहे हे तिच्या कपाळावर लिहिलेले आहे. कुंकू हे सौभाग्याचे, म्हणजे नवरा हयात असल्याचे चिन्ह मानले जाते. हळदीकुंकवाला विधवेला न बोलावण्याची रूढी त्यातूनच आली. अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा रजनीने त्याच कार्यालयात तेच शब्द उच्चारले असते तर १९८५ च्या प्रेक्षकाने ते तितक्याच आनंदाने ऐकले असते का, याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे. बासू चटर्जी हे जाणून होते असे दिसते.

प्रिया तेंडुलकर यांनाही त्याची जाण असावी, याला पुढील कामांतून पुरावा मिळतो. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेत त्यांनी नवऱ्यापासून वेगळे होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीची भूमिका केली, म्हणजे रजनीकडे जो परवाना होता तो काढून घेतल्यावर काय उरते याचीच ती चाचणी होती. मालिका वाखाणली गेली, परंतु लोकांच्या तोंडी रजनीच राहिली. १९९२ नंतर खासगी उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावाने चर्चेचा कार्यक्रम चालवला. सामान्य माणसे, तज्ज्ञ आणि अधिकारी यांना एका सभागृहात बसवून सामाजिक प्रश्नावर बोलते करण्याचा हा प्रकार तेव्हा भारतात नवा होता. तेथे त्या पात्र म्हणून नव्हे, तर स्वतः म्हणून प्रश्न विचारत होत्या, तरी समोरचे लोक उत्तरे देत होते ती रजनीला. पात्राने नटीला गिळले असे म्हणण्याची अशा वेळी प्रथा आहे. येथे उलटेही म्हणता येईल, की नटीने पात्राचा अधिकार पुरेपूर वापरून घेतला.

याच काळातील ‘हम पाँच’ (१९९५) या विनोदी मालिकेकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. अशोक सराफ यांनी केलेल्या आनंद माथुर यांना पाच मुली आणि दुसरी पत्नी आहे, आणि दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून त्यांच्याशी बोलते, टोमणे मारते, सल्ले देते. तसबिरीतील ही बायको प्रिया तेंडुलकर यांनी केली. दहा वर्षांपूर्वी घराचा उंबरा ओलांडून शहरभर फिरणारी बाई आता चौकटीत अडकून भिंतीला टांगलेली आहे आणि तिचे बोलणे फक्त नवऱ्याला ऐकू येते, हा विनोद निर्मात्यांनी हेतुपुरस्सर केला असेल किंवा नसेल. त्या भूमिकेतील मजा मात्र अस्सल आहे, कारण केवळ चेहरा आणि आवाज एवढ्याच भांडवलावर, हालचालीला वाव नसताना, त्यांनी विनोदाची वेळ अचूक साधली. मालिका बालाजी टेलिफिल्म्सची, म्हणजे एकता कपूर यांची. याच संस्थेने २००० नंतर सासू-सुनांच्या दैनंदिन मालिकांचा साचा देशभर रुजवला.

दैनंदिन मालिका म्हणजे आठवड्यातून पाच-सहा दिवस भाग दाखवणारी मालिका. ती नटीकडून बारा-बारा तासांचे चित्रीकरण आणि ऐनवेळी हाती पडणारे संवाद पाठ करण्याची तयारी मागते, आणि प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक मोजमाप पाहून तिच्या कथेची दिशा बदलते. ‘आभाळमाया’मध्ये सुकन्या कुलकर्णी यांनी केलेली प्राध्यापिका सुधा जोशी ही या प्रकारातील सुरुवातीची, अजून स्वतःची बुद्धी शाबूत असलेली नायिका होती, तर ‘चार दिवस सासूचे’मध्ये रोहिणी हट्टंगडी यांनी तीन हजारांहून अधिक भाग सासूपणाला प्रतिष्ठा दिली. त्यानंतर कुंकू उरले आणि भांडण गेले, किंवा भांडण घरातल्या घरात वळले. ‘कुंकू’ याच नावाच्या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या तर हा प्रवास दिसतो. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या चित्रपटात शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या वराशी फसवून लावलेले लग्न मानायला नकार देते. झी मराठीवर २००९ मध्ये आलेल्या मालिकेत मृण्मयी देशपांडे यांची जानकी वयाने बऱ्याच मोठ्या नवऱ्याच्या घरात येते आणि प्रेक्षक त्या दोघांचे प्रेम जुळण्याची वाट पाहतो. बहात्तर वर्षांत मराठी पडद्याने एवढी वाट मागे चालावी, हे लेखकांच्या दोषाने झाले की बाजाराच्या, याचा निवाडा सोपा नाही. मृण्मयी देशपांडे यांच्या अभिनयाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही.

प्रिया तेंडुलकर यांनी हिंदीत नाव मिळवले आणि मराठीत लिहिले. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’, ‘असंही’ आणि ‘पंचतारांकित’ ही त्यांची पुस्तके दूरचित्रवाणीच्या कीर्तीने झाकोळली गेली, शिवाय वडिलांच्या नावाच्या सावलीत वाचली गेली. हा दुहेरी अन्याय आहे. रजनीच्या प्रत्येक भागाला शेवट होता आणि त्या शेवटी प्रश्न सुटत असे. लेखिका प्रिया तेंडुलकर यांना असल्या शेवटांची घाई नाही. मालिकेने ज्या बाईला तयार उत्तरे दिली होती, तिच्याच वर्गातील बायकांचे न सुटणारे प्रश्न येथे आहेत, आणि ते कुंकवाच्या परवान्याशिवाय मांडलेले आहेत. प्रस्तुत अभ्यासात म्हणूनच या लेखनाला परिशिष्टाची जागा न देता भूमिकांच्या बरोबरीची जागा दिली आहे.

चित्रपटांतून त्या नंतरही दिसत राहिल्या. ‘त्रिमूर्ती’ (१९९५) आणि ‘गुप्त’ (१९९७) मध्ये नायकाची आई म्हणून. पडद्यावरची बायको चाळिशीत आई होते, हा त्या व्यवसायाचा अलिखित नियम त्यांनाही चुकला नाही. २००१ मध्ये आई निर्मला आणि भाऊ राजा यांचे निधन झाले. स्वतः प्रिया कर्करोगाशी दीर्घकाळ झुंजत होत्या आणि १९ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. विजय तेंडुलकर त्यानंतर साडेपाच वर्षे जगले.

केम ज्या तालुक्यात आहे त्याच करमाळा तालुक्यात २०१६ च्या ‘सैराट’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले आणि अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू बुलेट चालवताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. या भागातील मुलींना आज पडदा दूरचा वाटत नाही, आणि त्यांतील काही जणी मालिकांच्या निवडचाचण्यांसाठी मुंबई-पुण्याच्या गाड्या धरतील, हे उघड आहे. त्यांच्यासाठी आणि एकूणच वाचकांसाठी एक विनंती करावीशी वाटते. ‘रजनी’चे जे भाग आज पाहायला मिळतात ते अवश्य पाहावेत, पण त्यापूर्वी ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ वाचावे.